बाबा, यंदाचं जळण फोडायला माणसं सांगितलीत

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हां, आई आलीय बघ, बोल" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई, तू "जेवलीस काय गे" विचारून विषय कुठल्या कुठे नेतेस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दादाच्या मोबाईलवर येईल, तो प्रिंट काढून आणेल, नाहीतर सोनूला मोठ्यानं वाचायला लावा, तेवढंच पोराचं मराठी वाचन होईल, कन्नड मीडियममध्ये घातल्यापासून जोडाक्षर आलं की अडखळतोय.

तर सरळ सांगते. यंदाचं जळण बाबा फोडणार नाहीत. अकेशियाची एक ट्रॉली सांगून झालीय, पैसे देऊन झालेत, शिवरात्रीच्या आधी अंगणात येऊन पडेल, मागोमाग दोघं जण कापायची मशीन आणि पाचरी-घण घेऊन येतील, ओंडके कापतील, फोडतील आणि रचूनसुद्धा देतील. दादाला विचारून केलंय. तुम्हाला विचारलं नाही कारण तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, "माझ्या हातात अजून बळ हाय" म्हणणार, आणि ते खरंच आहे म्हणून वाद घालता येत नाही.

बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढचं ऐका.

तुमच्यानं होत नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. दिवाळीत मी बघितलंय की, मागच्या अंगणात तो ऐनाचा बुंधा तुम्ही कसा सोडवलात, आणि आई दारातनं ओरडत होती तरी तुम्ही ऐकू न आल्यासारखं करत होता. बळाचा प्रश्न नाही, गोळ्यांचा आहे. स्टेंट घातल्यापासून त्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत ना, त्या चुकवायच्या नाहीत हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं, पण बाहेर कॉरिडॉरमध्ये मला आणि दादाला वेगळं सांगितलं, की या गोळ्यांवर माणसाला कुठे लागलं तर रक्त लवकर थांबत नाही. नडगीवर नुसती एक ढलपी उडून बसली तरी पंचाईत, आणि कुऱ्हाडच निसटली तर विचारूच नका. गावातनं जांबोटीला यायचं, तिथनं खानापूर, तिथनं बेळगाव, पावसाळ्यात तो रस्ता कसा असतोय ते मी तुम्हाला काय सांगू. आणि दुसरं म्हणजे तुम्ही घाव घालताना "हुंम्" करून दम कोंडून धरता, लहानपणापासून ऐकतेय तो आवाज, त्या क्षणाला म्हणे प्रेशर एकदम चढतं. चाला म्हणालेत, पाहिजे तेवढं चाला, देवळापर्यंत जा, ओढ्यापर्यंत जा, पण दम कोंडून जोर लावायचं कुठलंच काम नको. हे माझं म्हणणं नाही, डॉक्टरांचं आहे, माझ्यावर रागावून उपयोग नाही.

आणि हो, कुऱ्हाड दादाकडे आहे. दांडा बसवायला म्हणून नेली ती, दांडा बसून झालाय, चांगला बाभळीचा बसवलाय, पण ती तिकडेच राहील. शोधत बसू नका, आईला विचारू नका, तिला ठाऊक नव्हतं. कोयता ठेवलाय, नारळ सोलायला आणि झावळ्या तोडायला लागतो म्हणून, त्याच्यानं लाकूड फोडायचा प्रयोग करायचा नाही. कराल म्हणून आत्ताच सांगते.

खरं सांगू का, मला हे लिहायला बरं वाटत नाहीये. तुम्ही लाकडं फोडताय आणि मी फ्रॉकच्या ओच्यात ढलप्या गोळा करतेय, ओचा भरला की आईकडे न्हाणीत नेऊन ओततेय, ही आपली सुट्टीच्या दिवशीची सकाळ होती. "लांब हो, लांब हो" म्हणायचात आणि मी लांब व्हायच्या ऐवजी पायरीवर बसून बघायची. आधी ओंडका उभा करून त्याचं तोंड बघायचं, वाळताना भेग कुठे पडलीय ती बघायची, त्या भेगेवरच घाव घालायचा. गाठ असेल तर गाठीच्या बाजूला जायचंच नाही. मोठा बुंधा असला तर मध्ये मारायचं नाही, कडेकडेनं ढलपे काढत आत यायचं. धाकट्या काकांनी त्या फणसाच्या ओंडक्यात मधोमध घाव घातला आणि कुऱ्हाड त्यातच रुतून बसली, मग अख्खा ओंडकाच डोक्यावर उचलून आपटत होते, आठवतंय ना, आजी हसून हसून खाली बसली होती. "नस बघ, मग मार" म्हणायचात तुम्ही. लग्नात काकांनी भाषणात तेच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही उठून मंडपाच्या मागे गेला होता. जाऊ दे.

त्या दोघांना मी तुमच्यासारखंच सांगितलंय सगळं. ओंडके ओले आहेत तोवरच फोडा. वाळलेला ऐन आणि किंदळ लोखंडासारखा होतो हे तुम्हीच सांगितलेलं, अकेशियाचंही बऱ्यापैकी तसंच आहे, ओलं असताना सरळ उलगडतं. मनगटाएवढे तुकडे करा म्हटलंय, न्हाणीच्या चुलीत जातील एवढ्याच लांबीचे. जुनी टायर द्या त्यांना गोठ्याच्या मागची, ओंडका टायरच्या आत उभा करून फोडला की तुकडे उडत नाहीत, तिथल्या तिथे उभे राहतात, पुन्हा पुन्हा वाकून उचलायला लागत नाही. हे मी मोबाईलवर बघितलं आणि तुमची आठवण आली, तुम्हाला आवडलं असतं. आवडेलच, खुर्ची टाकून बसा आणि बघा. त्यांना चार शिकवा, पण खुर्चीवरनं.

लाकूड कुठलं, हे तुमचं पहिलं विचारणं असणार. आपल्या ओळखीतल्या माणसाच्या रानातली अकेशिया आहे, त्यांनी लावलेली. भीमगडकडचं काही नाही. 2011 ला अभयारण्य झाल्यापासनं तिकडनं लाकूड आणायची भानगड नकोच हे तुमचंच म्हणणं ना. आंबा-सावर मिसळून देऊ नको म्हणून बजावलंय, ते नुसतं भुरुभुरु जळून जातं आणि निखारा राहत नाही. थोडा ऐन आहे म्हणाला, बघू.

आता तुम्ही म्हणाल एवढी खटपट कशाला, गिझर बसवूया. तुमचे जावईही तेच म्हणत होते. मी सगळं बघितलं. सोलर आपल्याकडे उन्हाळ्यात चालेल, तेव्हा कढत पाणी कुणाला पाहिजे? पाहिजे तेव्हा म्हणजे मिरगापासनं गणपतीपर्यंत ऊनच नाही, कणकुंबी-आमगावचा पाऊस आपल्या दारात असतोय. लाईटचं तर बोलायलाच नको, वाऱ्यानं एक फांदी तारेवर पडली की झालं. गॅस गिझरला मी नको म्हटलं कारण आपली न्हाणी बारकी, खिडकी म्हणजे एक झरोका, बंद न्हाणीत गॅस गिझर धोक्याचा, त्यातनं कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वासही नसतो आणि माणसाला कळायच्या आत चक्कर येते. म्हणून चूल राहणार, हंडा राहणार. बाबा, तुमचं धुराच्या वासाचं कढत पाणी कुणी काढून घेत नाही. पडवीतली आगटी पण राहणार, पावसाळ्यात कपडे त्याच्यावरच वाळायचे, मला माहितीय, शाळेत अख्खा जुलै महिना माझ्या युनिफॉर्मला धुराचा वास यायचा आणि बेळगावात शिकायला आल्यावर बाकीच्या पोरी नाक वर करायच्या. आता मला तो वास कुठे आला की मी तिथेच उभी राहते.

फक्त ओलं जळण वापरायचं नाही. हे मात्र मी नववीच्या पोरांना शिकवते म्हणून तुम्हाला पण ऐकावं लागेल. ताज्या कापलेल्या लाकडात निम्मं वजन जवळजवळ पाण्याचंच असतं. ते चुलीत घातलं की आधी ते पाणी वाफ होऊन जायला पाहिजे. आणि पाणी साध्या गारठ्यावरनं उकळीला न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साडेसहा पटीनं जास्त लागते तेच पाणी वाफ करायला. म्हणजे आई, तू हंडा तापवायला म्हणून लाकूड घालतेस आणि त्यातली बरीच आग लाकडातलंच पाणी उडवण्यात जाते, हंडा गारचा गार, आणि न्हाणीत नुसता धूर. लाकडाच्या टोकाला फेस येऊन सूंऽऽ आवाज येतो तो हाच. चांगलं वाळलेलं म्हणजे पाणी पाचव्या हिश्श्यापेक्षा खाली आलेलं. ओळखायला मशीन नको, दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, टणटण वाजलं तर वाळलं, धप्प आवाज आला तर अजून ओलं. टोकाला भेगा पडलेल्या पाहिजेत, साल सुटत आलेली पाहिजे. हे काम बाबांचं. मे महिन्यात रोज संध्याकाळी दोन-दोन तुकडे वाजवून बघायचे आणि मला फोनवर तो आवाज ऐकवायचा, मी सांगेन पास की नापास.

रचायची जागा बदललीय, यावर बाबा तुम्ही रागावणार हे धरूनच लिहितेय. नेहमीची पश्चिमेची भिंत नको. मिरगाचा पाऊस तिकडनंच झोडपतो, भिंत ओली, खालचा थर कुजतो, दरवर्षी तळातलं जळण आपण बुरशीसकट जाळतो. पूर्वेला, तुळशीच्या पलीकडे, घरापासनं चार पावलं सोडून रचायला सांगितलंय. खाली जांभ्या दगडाच्या दोन ओळी, त्यावर जुन्या दाराच्या फळ्या, मग लाकूड, म्हणजे जमिनीचा ओलावा वर चढत नाही आणि खालनं वारा जातो. एक थर आडवा, कडेला एक थर उभा, अशी चौकट घातली की ढीग कोसळत नाही, सोनू वर चढला तरी. चढू देऊ नका. वर ताडपत्री फक्त डोक्यावर घालायची, चारी बाजूंनी गुंडाळायची नाही, गुंडाळलं की आत घाम धरतो आणि वाळायच्या ऐवजी वास मारतं. वळीव पूर्वेकडनं येतो हे मला माहितीय, शिकवू नका, त्या दिवशी संध्याकाळी आभाळ काळं झालं की ताडपत्रीचं एक टोक तेवढं खाली सोडायचं आणि सकाळी पुन्हा वर करायचं. मार्च, एप्रिल, मे असं ऊन खाल्लं की मिरगाच्या आधी दादा आणि सोनू पडवीत आणून ठेवतील. दादा. बाबा नव्हे.

आणि ढिगात हात घालायच्या आधी काठीनं दोनदा ठोकायचं. घोणस, फुरसं, मण्यार, नाग, सगळ्यांना जळणाचा ढीग आवडतो, उंदीर असतात ना तिथे. आजोबांच्या वेळचं आठवा. तिन्हीसांजेला जळण काढायला जायचंच नाही, दुपारीच दोन दिवसांचं पडवीत आणून ठेवायचं. टॉर्च दाराच्या खिळ्याला टांगून ठेवा, सोनू त्याचे सेल काढून खेळण्यात घालतो, त्याला वेगळे सेल आणून दिलेत. देव न करो पण काही झालंच तर मंत्र-बिंत्र नाही, हात-पाय हलवायचा नाही, वर करकचून काही बांधायचं नाही, 108 ला फोन आणि तडक दवाखाना.

आई, आता तुझ्याशी. बाबांचं वाचून झालं असेल तर कागद तू घे.

तुझा खोकला मला फोनवर ऐकू येतो. तू फोन लांब धरून खोकतेस तेही कळतं. बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं ना चुलीवर किती वर्षं, तेव्हा तू "थोडी" म्हणालीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासनं म्हणायचं होतं. बायका बिडी ओढत नाहीत तरी त्यांची छाती धुरानं बिघडते, दम लागायचा तो आजार होतो, हे आता सगळीकडे माहीत झालंय. म्हणून दुसरं एक करून घेतलंय, गवंडी सांगितलाय, न्हाणीच्या चुलीला धुराडं बसेल. मामाकडे होती बघ ती बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेवाल्यांची अस्त्र चूल, धुराड्याची, मामी म्हणायची डोळे झोंबत नाहीत, तसंच काहीसं. धुराडं कौलाच्या आढ्याच्या वर न्यायला सांगितलंय, आढ्याच्या खाली ठेवलं तर वारा धूर परत आत ढकलतो. एक-दोन कौलं काढायला लागतील, ती फुटणार नाहीत, मी त्याला तीनदा बजावलंय, फुटली तर जुनी कौलं गोठ्यावर आहेत. वर्षातनं एकदा, दसऱ्याला, काजळी खरवडून काढायची, नाहीतर तीच पेट घेते. हे दादाच्या नावावर.

हंड्यावर झाकण ठेवत जा गे. झाकण ठेवलं की लवकर तापतं, लाकूड कमी लागतं, साधी गोष्ट आहे. तू म्हणतेस पाणी दिसत नाही, दिसायला काय पाहिजे त्यात?

चूल पेटवताना दुधाची पिशवी घालायची नाही. घालतेस, मी बघितलंय. काजूची टरफलं पण नकोत, त्यातलं तेल पेटतं खरं पण तो धूर डोळ्याला आणि घशाला फार वाईट, हाताला लागलं की कातडी निघते, काजूच्या मोसमात तुझ्या बोटांचं काय होतं बघ. नारळाची सोडणं वापर, करवंट्या वापर, झावळीची हीर वापर, आपल्याकडे काय कमी आहे का. रॉकेलचा डबा आता अंगणातल्या नळापाशी ठेवलाय तो तिथनंही हलव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडीत घमेल्यात निखारे घेऊन झोपायच्या खोलीत जायचं बंद. एकदम बंद, आई. मला माहितीय बाबांचे पाय गार पडतात, मला माहितीय आजी तसंच करायची, पण आजीच्या घराला भेगा होत्या, वारा येत जात होता, आता दादानं खिडक्यांना काचा बसवल्या, दार घट्ट लागतं. निखाऱ्यातनं पण तोच गॅस निघतो जो गिझरमधनं निघतो, धूर दिसत नाही, वास येत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. त्याच्याऐवजी रबरी पिशवी पाठवतेय दोन, हंड्यातलं पाणी भरायचं, टॉवेलात गुंडाळायची, पायाशी ठेवायची. वाकळ नवी शिवायला टाकलीय, माझ्या जुन्या साड्यांची आणि तुझ्या त्या हिरव्या लुगड्याची, टाकून देऊ नको म्हणून ठेवलेलं ना, त्याचीच. जड आहे चांगली. निखारे पडवीत, दार उघडं, तिथे हवं तेवढं शेकत बसा, आठळ्या भाजा, गप्पा मारा, दादाचा विषय काढून भांडा, काय पाहिजे ते करा.

बाबा, पैशाचं मनाला लावून घेऊ नका. मला पगार आहे. कॉलेजात असताना तुम्ही काय विकलंत ते मला आत्यानं सांगितलंय, त्यावर मी कधी बोलले नाही, आत्ताही बोलत नाही. ट्रॉलीची किंमत विचारू नका, मी सांगणार नाही, दादालाही सांगितली नाही. गावात कुणी म्हणालं "मास्तरांनी जळण विकत घेतलं" तर म्हणू दे, तुम्हीच तर सांगता लोकांच्या तोंडाला झाकण नसतं. त्यांना म्हणा पोरीनं हट्ट केला, पोर लहानपणापासनं हट्टीच आहे. हे खोटं पण नाही.

परीक्षांचे पेपर तपासून झाले की मी येतेच, उगादीला तिकडेच. आल्यावर पहिल्यांदा ढीग बघणार, मग पाणी पिणार.

गोळ्या सकाळी जेवायच्या आधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात, डब्यावर सूर्य काढलाय तो सकाळचा. सोनूनं चंद्राला मिश्या काढल्यात, तो रात्रीचा.

तुमची,
बाय

ता. क. माणसं येतील त्या दिवशी त्यांना जेवायला घाला, भात-आमटी चालेल, सुका बांगडा असेल तर उत्तम, पण पैसे हातावर ठेवू नका, मी दिलेत. चहा दोनदा. आणि भुसा टाकू नका, कापताना मशीनखाली ताडपत्री अंथरायला सांगा, गाईच्या खाली घालायला होतो. मोठे गाठीचे ओंडके त्यांनी फोडून दिले नाहीत तर तसेच राहू देत, दादा बघेल. बाबा, तुम्ही नव्हे.